ओझोनची वेळ, माणसाची वेळ

जुना माल निघून चेंबर रिकामा झाला, की शीतगृहाचा खरा वास येतो. तासगाव-सांगलीकडे बेदाण्याचा आणि निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा नवा हंगाम तोंडावर आला, की हा अनुभव हमखास येतो. दार सरकवलं, की गार झोताबरोबर एक ओलसर, कुबट वास नाकात शिरतो. खोली भरलेली असताना तो मालाच्या वासाखाली दबलेला असतो. रिकाम्या खोलीत कळतं, की हा वास खोलीचाच होता. पफ पॅनेलच्या सांध्यांत, कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये, डिफ्रॉस्टचं पाणी साठणाऱ्या ट्रेमध्ये, दाराच्या रबरी पट्टीच्या घडीत बुरशीने बिऱ्हाड थाटलेलं असतं. नवा माल आत आला, की ती त्याच्यावर उतरते.

हे बिऱ्हाड हलवण्यासाठी आता ओझोनचं नाव सर्रास घेतलं जातं. यंत्र विकणारा सांगतो : बटण दाबा, रात्रभर चालू ठेवा, सकाळी खोली निर्जंतुक. पुसायला नको, धुवायला नको, मागे काही उरतही नाही. यातलं काही खरं आहे, काही अर्धंच खरं आहे. आणि एक गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. ओझोनला बुरशी आणि माणूस यांतला फरक कळत नाही. ज्या गुणामुळे तो जंतूंना मारतो, त्याच गुणामुळे तो फुप्फुसांना इजा करतो. म्हणून त्याच्या सुरक्षित वापराचं सगळं शास्त्र एका नियमात मावतं : खोलीत ओझोनची वेळ वेगळी, माणसाची वेळ वेगळी, आणि या दोन वेळा कधीही एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

थंडीत जंतू मरत नाहीत

गारठ्यात जंतू मरतात, हा समज घराघरांत आहे. प्रत्यक्षात थंडी त्यांना फक्त मंदावते. काही जंतूंना तर ती मानवते. लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा जिवाणू फ्रिजच्या ४ अंश सेल्सियसलाही वाढतो आणि गर्भवती स्त्रिया, नवजात बाळं व वृद्ध यांच्यासाठी तो जिवावर बेतू शकतो. मासळी आणि मटणावर येणारा बुळबुळीत थर बहुतेकदा स्यूडोमोनास कुळातल्या जिवाणूंचा असतो, तेही थंडीला सरावलेले असतात. द्राक्षाच्या घडावर करडी लव आणणारी बोट्रायटिस ही बुरशी शून्य अंशाच्या आसपासही हळूहळू पसरत राहते. सफरचंदावर निळसर-हिरवे डाग पाडणारी पेनिसिलियम तशीच. इतर जंतू गारठून बसले, की या मंडळींना स्पर्धकच उरत नाहीत.

त्यात शीतगृह ही साफसफाईला अवघड जागा. छत उंच, रॅक दाट, कोपरे अंधारे. पूर्वी, आणि काही ठिकाणी अजूनही, अशा खोल्यांना फॉर्मॅलिनची धुरी दिली जाते. पण तिच्यातलं फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असा स्पष्ट निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. क्लोरीनच्या पाण्याने धुतलं, तर ते जिथे पोचेल तिथेच काम करतं आणि नंतर पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावं लागतं. या पार्श्वभूमीवर, आपणहून कोपऱ्याकोपऱ्यांत शिरणारा आणि काम झाल्यावर ऑक्सिजन होऊन जाणारा वायू आकर्षक वाटला, तर नवल नाही.

वासावरून नाव पडलेला वायू

झेरॉक्सच्या दुकानात मशीन बराच वेळ चालू असेल, किंवा जवळच वीज कडाडून गेली असेल, तर एक तिखटसर, धातूसारखा वास येतो. तो ओझोनचा. १७८५ साली मार्टिनस व्हॅन मारम या डच शास्त्रज्ञाला विजेच्या ठिणग्या पाडणाऱ्या यंत्राजवळ हा वास जाणवला होता. तो एका वेगळ्या पदार्थाचा आहे, हे १८४० च्या सुमारास बाझेलच्या ख्रिश्चन शोनबाइनने ओळखलं आणि ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ओझोन हे नाव दिलं. १८५७ साली वेर्नर फॉन सीमेन्सने ओझोन मुद्दाम तयार करण्याचं उपकरण बनवलं. आजची बहुतेक यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात : काचेसारख्या विद्युतरोधकाच्या आडून उच्च दाबाची वीज हवेतून सोडायची, म्हणजे ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि तीन-तीन अणूंचे नवे रेणू जुळतात. फ्रान्समधल्या नीस शहराने १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी ओझोन वापरायला सुरुवात केली. अन्नाच्या प्रक्रियेत आणि साठवणुकीत वायू किंवा पाण्यात विरघळवून ओझोन वापरायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली मान्यता दिली.

या कथेत एक गंमतही आहे. एके काळी फ्रिजमध्ये थंडावा आणणारे सीएफसी वायू वातावरणात जाऊन ओझोनचा थर विरळ करतात, हे मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ साली दाखवलं. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्या वायूंना आवर घातला आणि १९९५ साली पॉल क्रुट्झन यांच्यासह या दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या वायूला फ्रिजपासून वाचवायला जग एकत्र आलं, तोच आता फ्रिज साफ करायला आणला जातो. आकाशात २०-२५ किलोमीटर उंचीवर तो आपला रक्षक आहे, नाकाजवळ मात्र विष.

मारतो कसा आणि कुठे हरतो

ओझोनच्या रेणूतला तिसरा अणू सैल असतो. संधी मिळताच तो समोरच्या पदार्थाशी जाऊन चिकटतो, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण करतो. समोर जिवाणू असेल, तर त्याच्या पेशीचं आवरण आधी फुटतं, मग आतली प्रथिनं आणि जनुकीय द्रव्य बिघडतं. क्लोरीनपेक्षा ओझोन अधिक जोरकस ऑक्सिडीकारक आहे. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायूही तो मोडतो. फळं लवकर पिकवणारा हा वायू कमी झाला, की साठवणीला मदत होते.

पण हा जोर आंधळा आहे. समोर जे येईल त्यावर तो खर्च होतो. भिंतीवर सुकलेला फळाचा रस, फरशीवरची माती, लाकडी पॅलेटचा भुसा, पुठ्ठ्याचे तुकडे, सगळ्यांवर ओझोन सारखाच खर्ची पडतो. घाणीचा थर जाड असेल, तर वरच्या पापुद्र्यातच तो संपतो आणि खालचे जंतू सुखरूप राहतात. म्हणून न धुतलेल्या खोलीत ओझोन सोडणं म्हणजे न घासलेल्या भांड्याला कल्हई लावण्यासारखं आहे.

दुसरी मर्यादा ओलाव्याची. कोरड्या हवेत बुरशीचे बीजाणू ओझोनला दाद देत नाहीत. ओलावा शोषून ते फुगले, की त्यांचं आवरण नरम पडतं. हवेतली आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर असेल, तर परिणाम चांगला दिसतो. फळांच्या शीतगृहात एवढी आर्द्रता सहसा असतेच. बेदाण्यासारख्या सुक्या मालाच्या खोलीत मात्र ती मुद्दाम पाहावी लागते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. ओझोन पृष्ठभागावर काम करतो, पदार्थाच्या आत शिरत नाही. कॅलिफोर्नियातला, २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे बोलका आहे. त्यात थॉमसन सीडलेस द्राक्षं, म्हणजे आपल्या नाशिककरांच्या ओळखीचंच वाण, ५ अंशांवर सात आठवडे ०.३ पीपीएम ओझोनमध्ये ठेवली होती. सडलेल्या मण्याला चिकटलेल्या मण्यांवर करड्या बुरशीची जी जाळी पसरते, ती पूर्ण थांबली. पण ज्या मण्यांवर बुरशी आधीच फवारली होती, त्यांच्या सडण्यात फारसा फरक पडला नाही. ओझोन साथ आवरतो, रोग्याला बरं करत नाही. रोगट माल आत भरून त्याच्या भरवशावर बसणाऱ्याची निराशा ठरलेली.

आता त्यातला आकडा पाहा : ०.३ पीपीएम. द्राक्षाला मानवणारी ही मात्रा माणसासाठी दिवसभराच्या मर्यादेच्या तिप्पट आहे.

पीपीएमचा हिशेब

पीपीएम म्हणजे दहा लाख भाग हवेत एक भाग. आपल्याकडच्या कामगार-सुरक्षा कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या कामासाठी ओझोनची सरासरी मर्यादा ०.१ पीपीएम आणि पंधरा मिनिटांच्या संपर्कासाठी ०.३ पीपीएम दिली आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या मते ५ पीपीएम ही मात्रा तात्काळ जीव धोक्यात घालणारी आहे. रिकाम्या खोलीच्या निर्जंतुकीकरणासाठी काही पीपीएम मात्रा, कधी त्याहूनही जास्त, काही तास टिकवून धरतात. म्हणजे यंत्र नीट काम करत असेल, तेव्हा ती खोली माणसासाठी प्राणघातक ठरू शकते.

यासाठी ओझोन फार लागत नाही. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, ४ मीटर उंच चेंबर घ्या. घनफळ २४० घनमीटर. शून्य अंशाजवळ १ पीपीएम म्हणजे एका घनमीटरात सुमारे २.१ मिलिग्रॅम ओझोन. त्या हिशेबाने पूर्ण खोली ५ पीपीएमवर न्यायला लागतो जेमतेम अडीच ग्रॅम, चहाच्या चमचाभर साखरेपेक्षाही कमी. भिंती आणि हवेतली घाण काही भाग खाऊन टाकतात, म्हणून प्रत्यक्षात जास्त सोडावा लागतो. पण तासाला १० ग्रॅम ओझोन देणारं यंत्र हातात उचलून नेता येईल एवढं असतं. यंत्राच्या आकारावरून धोक्याचा अंदाज बांधणं चुकीचं, ते यासाठी.

ओझोन फुप्फुसांत गेला, तर आधी घसा खवखवतो, खोकला येतो, छातीत दडपण जाणवतं, डोकं दुखतं. जास्त मात्रेनंतर काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकतं. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी जाणं धोक्याचं. दमेकऱ्याला तर थोडी मात्राही भोवते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठीचा एन-९५ मास्क इथे निरुपयोगी, कारण ते कण अडवतात, वायू अडवत नाहीत.

‘वास आला की बाहेर पडू’ हा विचारही फसवा आहे. ओझोनचा वास ०.०१ ते ०.०५ पीपीएमलाच येऊ लागतो, हे खरं. पण थोड्या वेळात नाक सरावतं आणि वास येणं बंद होतं. ओझोन मात्र गेलेला नसतो.

थंडीत ओझोन रेंगाळतो

ओझोन आपोआप विरतो, हे यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं असतं. किती वेळात, हे मात्र जागेवर अवलंबून असतं. उबदार, सामानाने भरलेल्या खोलीत तो लवकर मोडतो. थंड, स्वच्छ, गुळगुळीत भिंतींच्या खोलीत तो रेंगाळतो. शीतगृह नेमकं तसंच असतं. खोली जितकी चांगली धुतलेली, तितका त्याचा मुक्काम लांबतो.

हिशेब करून पाहू. ५ पीपीएमवरून ०.१ च्या खाली यायला मात्रा सहा वेळा निम्मी व्हावी लागते : ५, अडीच, सव्वा, मग ०.६ च्या पुढे, ०.३, ०.१६ आणि शेवटी ०.०८. निम्मी व्हायला वीस मिनिटं लागत असतील, तर दोन तास. एक तास लागत असेल, तर सहा तास. दुसऱ्याच्या खोलीत दोन तास पुरले, म्हणून आपल्या खोलीतही पुरतील, हे कुणी सांगावं? शिवाय ओझोन हवेपेक्षा दीडपटीहून अधिक जड. पंखे बंद असतील, तर तो फरशीलगत साचू शकतो आणि खाली वाकून काम करणाऱ्या माणसाच्या नाकाशी येऊ शकतो.

काम कसं करावं

आधी खोली पूर्ण रिकामी करावी. मासळी, मटण, दूध, दाणे यांतली चरबी ओझोनने खवट होते, पालेभाज्यांचा रंग उडतो. जोरकस मात्रेच्या वेळी आत काहीच ठेवू नये. मग पाणी, साबण आणि ब्रश. भिंती, फरशी, छत, रॅक, कॉइल, ट्रे आणि पाण्याचा निचरा, सगळं घासून काढावं. साचलेलं पाणी पुसावं, पण हवा कोरडी करू नये. क्लोरीन किंवा दुसरं रसायन वापरलं असेल, तर ते आधी पूर्ण धुऊन काढावं.

त्यानंतर सामान तपासावं. नैसर्गिक रबर ओझोनमुळे तडकतं. टायरच्या बाजूंवर येणाऱ्या बारीक भेगांचं तेही एक कारण. दाराची गॅस्केट आणि वायरींची आवरणं नैसर्गिक रबराची असतील, तर हंगामागून हंगाम ती खराब होत जातील आणि गॅस्केट फाटली, की थंडी आणि ओझोन दोन्ही बाहेर पडतील. तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा दमट ओझोनमध्ये गंजतात. चांगलं स्टेनलेस स्टील, टेफ्लॉन, सिलिकॉन आणि ईपीडीएम रबर टिकतात. यंत्र साध्या दमट हवेवर चालत असेल, तर विजेमुळे नायट्रोजनची ऑक्साइडंही तयार होतात आणि ओलाव्याबरोबर त्यांचं नायट्रिक आम्ल बनतं. म्हणून कोरडी हवा किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर जोडलेलं यंत्र घेणं शहाणपणाचं.

आता बंदोबस्त. यंत्राचं बटण खोलीबाहेर असावं. आत कोणी उरलं नाही, हे एकाने मोजून आणि दुसऱ्याने पुन्हा पाहून खात्री करावी. दाराला कुलूप, किल्ली एकाच्या ताब्यात, आणि दारावर ठळक मराठी व हिंदीत पाटी : ‘आत विषारी वायू. आत जाऊ नये.’ हमाल कुठल्याही गावचे असू शकतात, म्हणून पाटीवर चित्रही हवं. दार आतून उघडण्याचा खटका आणि धोक्याची घंटा चालू स्थितीत असावी. ओझोन सोडल्यानंतर शेजारच्या चेंबरमध्ये, यंत्रखोलीत आणि ऑफिसात गळती होते का, हे मीटरने पाहावं. आतले पंखे चालू ठेवावेत, म्हणजे वायू रॅकमागच्या कोपऱ्यांतही पोचेल.

ठरलेला वेळ झाला, की यंत्र बंद करावं. ओझोन आपोआप विरू द्यावा, किंवा मँगनीज डायऑक्साइडसारख्या उत्प्रेरकातून हवा फिरवून तो मोडावा, किंवा जिथे माणसांची वर्दळ नाही अशा उंच जागी हवा बाहेर सोडावी. मग बाहेरूनच मीटरचं वाचन घ्यावं. आतल्या सेन्सरचा आकडा दारापाशी दिसेल, अशी सोय हवी. ०.१ पीपीएमच्या खाली वाचन स्थिर राहिलं, तरच दार उघडावं आणि पहिल्या माणसाने हातात मीटर घेऊनच आत पाऊल टाकावं. आत कोणी बेशुद्ध पडलेलं दिसलं, तर श्वासाच्या स्वतंत्र टाकीशिवाय आत धावू नये. बंद जागेत वायूने एक गेला आणि त्याला वाचवायला गेलेले दोघेही गेले, अशा बातम्या आपण गटारांच्या संदर्भात किती वेळा वाचतो.

शेवटी, काम झालं का, हेही मोजावं. आधी आणि नंतर त्याच जागांवरून स्वॅब घ्यावेत, हवेत थोडा वेळ पेट्री डिश उघडी ठेवून त्यांवर उगवणारे ठिपके मोजावेत. आकडा घटला नसेल, तर ओझोन वाढवण्याआधी धुणं तपासावं. बहुतेकदा चूक तिथेच सापडते.

घरच्या फ्रिजचं काय?

फ्रिजमध्ये ठेवायच्या छोट्या ओझोन डब्या आणि खोलीची हवा शुद्ध करतो म्हणणारी यंत्रं बाजारात आहेत. कॅलिफोर्निया राज्याने २००७ साली नियम करून हवा शुद्ध करण्याच्या यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर ०.०५० पीपीएमची मर्यादा घातली. अमेरिकेची पर्यावरण संस्था तर सांगते, की माणसांना सुरक्षित वाटणाऱ्या मात्रेला ओझोन घरातल्या हवेतलं प्रदूषण फारसं कमी करत नाही. म्हणजे सुरक्षित मात्रेला उपयोग नाही आणि उपयोगी मात्रा सुरक्षित नाही. घरच्या फ्रिजसाठी कोमट पाण्यात सोडा घालून पुसणं, सांडलेलं लगेच टिपणं आणि शिळं वेळीच काढणं, एवढं पुरतं.

मोठ्या शीतगृहासाठी ओझोन उपयोगी आहे, यात शंका नाही. पण यंत्र घेण्याआधी मालकाने आपल्याकडे तीन गोष्टी आहेत का, हे पाहावं : खोली घासायला माणसं आणि वेळ, आकडा दाखवणारा चांगला मीटर, आणि दाराला कुलूप घालून तासन्‌तास थांबायची शिस्त. यातली एकही नसेल, तर ओझोनचे पैसे वाचवून ब्रश आणि साबणावर खर्च करावेत. जंतू थोडे जास्त राहतील, पण सकाळी आत गेलेला हमाल संध्याकाळी चालत घरी जाईल.